निवराच्या ओल्या जमिनीची निरवानिरव

मी, वसुमती नागोजीराव साळुंके, वय एकाहत्तर, अविवाहित, मुलींच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राची निवृत्त अध्यापिका, राहणार तळ्याच्या वरच्या अंगाला, के. आर. पुरम, बंगळूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. वकील हयवदनराव यांनी आज सकाळी मला काही प्रश्न विचारून त्याची खात्री करून घेतली. त्यांतील एका प्रश्नाची वाक्यरचना सदोष होती, ती मी दुरुस्त करून दिली. डाव्या डोळ्यात नवे भिंग बसवले असल्याने लिहिलेले मला वाचता येते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. ज्यांनी दबाव आणून पाहिला त्यांना मी कॉफी देऊन परत पाठवले आहे.

हा कागद इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये केल्यास कचेरीत सोयीचे पडेल, असे हयवदनरावांचे मत होते. ते बरोबर आहे. परंतु आमच्या घराण्यात मराठी तीनशे वर्षे चुलीजवळच बसून राहिली, कचेरीची पायरी ती कधी चढली नाही. एकदा चढू द्यावी, असे मी ठरवले. भाषांतराचा खर्च माझ्या ठेवीतून करावा.

माझा धाकटा भाऊ देवव्रत या क्षणी बाहेरच्या कट्ट्यावर आमच्याकडे पाठ करून बसला आहे. तो गवीपुरमहून बस बदलत, खिशाला स्वतःचे पेन लावून आला होता. "अक्का, साक्षीदार मी होतो की. जन्मल्यापासून तुला ओळखतो." मी म्हटले, "तू नको." "का? माझी सही चालत नाही?" "नाही चालत." तो रुसला आहे. कॉफी नको म्हणाला, पण घेतली. त्याची सही का चालत नाही, हे या कागदात यथाक्रम येईल.

कलम १. जमीन व तिचा पूर्वेतिहास.

आमचा मूळपुरुष फौजेबरोबर या मुलखात आला. तो घोडेस्वार होता की घोड्यांचा मोतद्दार, याबद्दल घरात दोन मते आहेत. माझे मत मोतद्दाराच्या बाजूने आहे, कारण पुढच्या सर्व पिढ्यांना घोड्यांपेक्षा गवतातले अधिक कळत आले. आमचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, कंटोन्मेंटमधील तबेल्यांना गवत पुरवीत. त्यासाठी त्यांनी के. आर. पुरमच्या तळ्याजवळ जमीन घेतली होती. पुढे घोडी गेली, मोटारी आल्या, आणि आबांनी जमिनीच्या वाटण्या केल्या.

रस्त्याकडची कोरडी, सपाट जमीन देवव्रताला मिळाली. लेकीला चोळीबांगडीच्या खर्चासाठी जमिनीचा एखादा तुकडा तोडून देण्याची आमच्याकडे चाल आहे. त्या चालीने तळ्याच्या बांधालगतचा खोलगट तुकडा माझ्या नावे झाला. पावसाळ्यात तिथे गुडघ्याच्या वर पाणी चढे आणि माघ संपेपर्यंत चिखल राही. गवतसुद्धा तिथे कडेकडेनेच येई. आबा म्हणाले, "वसू पगारदार आहे. तिला नावापुरतं पुरे." देवव्रत तेव्हा तेवीस वर्षांचा होता. तो म्हणाला, "अक्का, तुला तर तळंच मिळालं की! आता बदकं पाळ." सगळे हसले. आईसुद्धा हसली. ते वाक्य मी आजपर्यंत जपून ठेवले आहे.

सदर तुकड्याच्या चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस तळ्याचा बांध, दक्षिणेस गंगव्वा यांचा म्हशींचा गोठा, उत्तरेस पूर्वीची गाडीवाट, हल्ली डांबरी रस्ता, पश्चिमेस नव्या कॉलनीची भिंत. ही कॉलनी ज्या जमिनीवर उभी आहे तीच देवव्रताच्या वाट्याची जमीन. मुलगा नंदू याच्या शिक्षणाच्या आणि मुलगी नयना हिच्या लग्नाच्या वेळी त्याने ती दोन तुकड्यांत विकली. म्हणजे आबांच्या जमिनीपैकी आज कोरडे काही उरलेले नाही. ओले तेवढे उरले आहे.

कलम २. सदर जमिनीवरील झाडे.

सदर जमिनीवर निवराची झाडे आहेत. ही झाडे मी बियांपासून वाढवली. त्यांची माहिती मी थोडी सविस्तर देणार आहे. मिळकतीचे वर्णन अचूक असावे, असे कायदा म्हणतो. आणि मला ते सांगायला आवडते, हेही खरे.

निवर हा आपल्याच नद्यांच्या काठांचा, दलदलीचा रहिवासी. मी तो प्रथम नीट पाहिला तो दांडेलीकडे, काळी नदीच्या काठी, मुलींची सहल घेऊन गेले असताना. सकाळची वेळ होती. डोहाचे सबंध पाणी लाल फुलांनी झाकले होते. एक मुलगी म्हणाली, "मिस, कोणीतरी पूजा करून गेलंय." मी तिला मान वर करायला सांगितले. फांद्यांवरून हातहातभर लांबीचे तुरे लोंबत होते, माळ ओवावी तसे. हे फूल संध्याकाळी उमलते आणि सकाळी गळून पाण्यावर पडते. ज्याला ते झाडावर पाहायचे असेल त्याने अंधार पडताना जावे. ज्याला पाण्यावर पाहायचे असेल त्याने सकाळी. दोन्ही पाहणाऱ्याला दोनदा जावे लागते, त्याला इलाज नाही.

मी तिथून फळे आणली. फळ चार धारांचे, तंतुमय आणि हलके असते, म्हणून ते पाण्यावर तरंगत दूर जाते. आत बी एकच असते. नवशिका माणूस फळ सोलून बी काढतो आणि तिथेच फसतो. फळ सोलू नये. ते सबंधच, आडवे, अर्धे चिखलात आणि अर्धे बाहेर ठेवावे. मी तळ्यातला गाळ डालड्याच्या डब्यांत भरला होता. डब्यांना भोके पाडलेली नव्हती. कारण इथे पाणी राहू द्यायचे आहे. पुष्कळ आठवडे काहीही घडत नाही. या अवधीत फळ उकरून पाहू नये. मी हे वाक्य वर्गात वर्षानुवर्षे सांगितले आणि दरवर्षी कोणीतरी उकरून पाहिले.

रोप लावण्याची वेळ सर्वांत महत्त्वाची आहे. आपण साधारणपणे पावसाच्या सुरुवातीला झाडे लावतो. ओल्या जमिनीत ते चालत नाही. कोवळे रोप सबंध बुडते आणि मरते. इथे पाणी ओसरू लागले की त्याच्या मागोमाग लावत जावे. म्हणजे जमीन अजून मऊ असते, आणि पुढचे पाणी चढेपर्यंत रोपाला पाय रोवायला पुरा उन्हाळा मिळतो. पहिली दोन वर्षे नियम एकच: पाय पाण्यात, मान पाण्याबाहेर.

मोठ्या झाडाला मग पाण्याची भीती नाही. सामान्य झाडाची मुळे मातीच्या कणांमधल्या हवेवर श्वास घेतात. चिखलात पाणी ती हवा हाकलून देते, म्हणून मुळे गुदमरतात. निवराने यावर आपली सोय करून घेतली आहे. मात्र त्याला कायमचे पाणीही नको आणि कायमचे कोरडेही नको. पाण्याने यावे, राहावे, आणि आपल्या पायांनी सावकाश निघून जावे. हे येणे आणि जाणे म्हणजेच सदर मिळकत. जमीन आणि झाडे हा तिचा केवळ दिसणारा भाग आहे.

फळ आणि साल कुटून पाण्यात टाकल्यास मासे गुंगतात व मरतात. असा उद्योग कोणी तळ्यावर करू लागल्यास त्याला थांबवावे.

कलम ३. दागिने व ठेवी.

आईच्या पाटल्या आणि ठुशी माझी भाची नयना हिला द्याव्यात. नयना ही देवव्रताची मुलगी. व्हाइटफील्डच्या बाजूला संगणकाच्या कंपनीत काम करते आणि ऑफिसच्या गाडीतून जाता-येता माझ्याकडे उतरते. दागिने तिने घालावेत. लॉकरमध्ये ठेवलेला दागिना आणि न पेरलेले बी यांत मला फरक वाटत नाही.

बँकेतील ठेवीचे दोन सारखे भाग करावेत. एक भाग देवव्रताची पत्नी रत्नाबाई हिला द्यावा. माझ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिने मला जसे सांभाळले तसे मी कोणाला सांभाळले नसते. ही रक्कम तिच्या एकटीच्या नावावर राहावी आणि तिने ती कशी खर्च केली, हे तिला कोणी विचारू नये. दुसरा भाग देवव्रताचा मुलगा नंदू याला द्यावा, बिनशर्त. त्याच्याशी माझे मतभेद कलम आठमध्ये येतील. पण शस्त्रक्रियेच्या दिवशी पहाटे गाडी घेऊन तोच आला होता, आणि वाटेत त्याने एकदाही जमिनीचा विषय काढला नाही.

कलम ४. पुस्तके व उपकरणे.

माझी पुस्तके, सूक्ष्मदर्शक आणि वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने माझी विद्यार्थिनी अंजली हिला द्यावेत. ती आता स्वतः वनस्पतिशास्त्र शिकवते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी, कारण तिला सूचना शेवटपर्यंत वाचण्याची सवय आहे. फळ उकरून न पाहणाऱ्या माझ्या मोजक्या विद्यार्थिनींत तिची गणना होते.

ज्या सहकाऱ्याने अध्यापक मंडळाच्या बैठकीत माझ्या झाडांना "बाईंचं डबकं" म्हटले होते, त्यांना माझी मोठी छत्री द्यावी. ती त्यांचीच आहे. ते वाक्य बोलून ते घाईने निघून गेले तेव्हा विसरली होती. मला ती परत करण्याची घाई वाटली नाही.

कलम ५. अवजारे.

कुदळ, फावडे, दोन खुरपी, घमेली आणि गाळ काढण्याची बादली ही जमिनीबरोबर जातील. रबरी बुटांचा जोड मात्र स्वतंत्रपणे नमूद करते. हे बूट मी मुद्दाम मोठ्या मापाचे घेतले आणि आत दोन मोजे घालून वापरते. त्यांची व्यवस्था कलम दहामध्ये केली आहे.

कलम ६. गवत आणि साक्षीदार.

जमिनीच्या कडेचे गवत गंगव्वा आपल्या म्हशींसाठी कापते. ती गदगेकडची. इथे येऊन तिला वीस-बावीस वर्षे झाली असतील. बदल्यात ती जमिनीवर लक्ष ठेवते. कॉलनीत घरे पाडून नवी बांधणे सतत चालू असते, आणि त्यांचा राडारोडा टाकायला लॉरीवाल्यांना खड्डा हवा असतो. ते सकाळी सकाळी दारात गाडी लावून विचारतात, "मण्णु बेका अम्मा? फ्री!" म्हणजे माती हवी का, फुकट. गंगव्वा गोठ्यातूनच त्यांना जे उत्तर देते ते कायदेशीर कागदात लिहिण्यासारखे नाही. परंतु लॉरी निघून जाते.

साक्षीदार म्हणून मी प्रथम तिलाच बोलावले होते. हयवदनरावांनी शाईचा पॅडही काढला. मग ते म्हणाले, "एक मिनिट. बाई, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. उद्या कोणी कोर्टात गेलं तर पहिलं बोट तिथेच ठेवतील. हिला गवत देताय ना?" मी गंगव्वाला कन्नडमध्ये समजावून सांगितले की अंगठा उठवलास तर गवतावर वाद होईल. तिने शाई लावलेला अंगठा पदराला पुसला. "हंगाद्र सही बेड, अक्का. हुल्लु बेकु." म्हणजे, तसे असेल तर सही नको, गवत हवे. एवढा स्वच्छ विचार करणारा माणूस मी कोणत्याही समितीत पाहिला नाही. सबब, कडेचे गवत कापण्याचा हक्क गंगव्वाला तिच्या हयातीपर्यंत राहील.

तिच्या जागी माझ्या जुन्या सहकारी, गणिताच्या निवृत्त अध्यापिका मथुराबाई साक्षीदार आहेत. त्या कॉलनीत राहतात. काही वर्षांपूर्वी माझ्या जमिनीमुळे डास होतात अशी लेखी तक्रार कॉलनीने केली होती, तिच्यावर पहिली सही मथुराबाईंची होती. मी त्यांना बोलावून पाण्यातले बेडूक आणि डासांच्या अळ्या खाणारे लहान मासे दाखवले. त्या बराच वेळ वाकून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "सरी, मान्य, पण माझ्या घरात येणारे डास कुठले?" आम्ही त्यांच्या गच्चीवर गेलो, ते त्यांच्याच टाकीतले निघाले. तेव्हापासून आमची मैत्री अधिक घट्ट झाली आहे.

कलम ७. चराची हकीकत.

हे कलम मिळकतीचे वाटप करीत नाही. परंतु पुढची कलमे समजण्यासाठी ते आवश्यक आहे.

१९९५ च्या आरंभी माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. वाकायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले, म्हणून मी गवीपुरमला देवव्रताच्या घरी राहिले. इकडे येऊन जमीन पाहून जाण्याचे काम देवव्रताने आपण होऊन घेतले. त्याला कोणी सांगितले नव्हते.

निवराची पाने गळण्यापूर्वी तांबडी होतात. ही त्याची रीत आहे. त्या वर्षी पाऊस लांबल्याने तळाशी पाणी अजून बरेच होते. देवव्रताने पाहिले: झाडे पाण्यात उभी आहेत, पाने लाल होऊन गळताहेत. आता लक्षात घ्यावे की हा गवतवाल्याचा मुलगा. आमच्या घरात मुलाला अक्षरओळखीच्या आधी एक गोष्ट शिकवीत: गंजीच्या बुडाशी पाणी दिसले की आधी चर खण, मग बाकीचा विचार कर. बूड ओले तर गंजी कुजली. आबांनी हे त्याला शिकवले, आबांना त्यांच्या वडिलांनी. तेव्हा त्याने तेच केले. दोन गडी लावून जमिनीच्या खालच्या कोपऱ्यातून रस्त्याच्या गटारापर्यंत उत्तम चर खणला. उतार इतका बिनचूक होता की सगळे पाणी पाहता पाहता निघून गेले. मला त्याने सांगितले नाही. मी बरी होऊन आल्यावर मला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

तो मला मिळाला. मी चैत्रात परत आले तेव्हा जमीन भेगाळली होती. भेगांत माझी काठी जात होती. एकाही झाडाला तुरा आला नव्हता. बांधाकडची कोवळी रोपे उभ्या उभ्या वाळली होती.

"बघ अक्का," देवव्रत म्हणाला. "पाय कुजत होते बिचाऱ्यांचे. मी वेळेवर आलो म्हणून वाचली."

नंदू आमच्याबरोबर होता. तो म्हणाला, "आत्या, आता कोरडी झालीच आहे तर भरावही टाकून घेऊया की. झकास साइट होईल." तेव्हा देवव्रताने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि त्याला कळले की काहीतरी भलतेच झाले आहे.

मी त्याला कट्ट्यावर बसवले आणि कलम दोनमध्ये लिहिले आहे ते सर्व सांगितले. जन्मभर मी हे मुलींना सांगितले, सख्ख्या भावाला कधी सांगितले नव्हते. कारण बदकांच्या त्या वाक्यानंतर या जमिनीबद्दल त्याच्याशी बोलायचेच नाही, असे मी ठरवून टाकले होते. त्याने मधे एकच प्रश्न विचारला. "म्हणजे पानं लाल होणं हे दुखणं नव्हे?"

"नव्हे. दरवर्षी होतात."

"मला वाटलं मरताहेत." मग तो म्हणाला, "आबांची एवढीच राहिली आहे, अक्का. मला वाटलं, हीपण जाते."

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या बसने आला. गडी आणू, असे मी म्हटले, तर म्हणाला, "खणताना गडी लावले, तेच चुकलं. हातानं खणला असता तर निम्म्यावर दमलो असतो." तळ्यातला चिकण गाळ घमेल्यातून आणून, थरावर थर देऊन, पायाने तुडवून त्याने तो चर बुजवला. साठीचा माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. गंगव्वा गोठ्यातून ओरडून विचारत होती की या अण्णाला रोजगार काय देता. गटाराकडच्या तोंडाशी त्याने दगड लावला.

पावसाळा आला. पाणी चढले. ते त्या जागेतून झिरपते का, हे पाहण्यासाठी तो येऊ लागला, आणि येतच राहिला. येतो, त्या दगडावर बसतो, पाण्याकडे पाहतो, कॉफी घेतो आणि जातो. त्या जागेतून एक थेंबही झिरपत नाही, हे त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. झाडांना तुरे यायला दोन उन्हाळे लागले. ते आले त्या सकाळी तो पाण्याच्या कडेला उभा राहून पाहत होता. मला म्हणाला, "याचं नाव काय म्हणालीस?" त्याला नाव अजूनही आठवत नाही. तो "अक्काची झाडं" म्हणतो.

कलम ८. ज्यांनी सदर जमीन मागितली त्यांच्याविषयी.

नंदू साइटा, म्हणजे घरांसाठीचे भूखंड, विकण्याच्या कचेरीत आहे. त्याचे म्हणणे तो उघड बोलतो, म्हणून त्याचा मला राग नाही. "आत्या, स्वल्प प्रॅक्टिकल व्हा की. पलीकडे एचएसआर लेआउटला साइटचा भाव काय झालाय! तुमचं ते बेडूक घर बांधून देणार आहे?" मी म्हटले, बेडकाने स्वतःसाठीसुद्धा बांधलेले नाही, त्याचे काही अडत नाही. नंदूच्या हाती ही जमीन गेल्यास पहिल्या आठवड्यात लॉरी येईल. तो खोटे बोलणार नाही, फसवणार नाही, फक्त जमीन भरील. सबब त्याला ती देता येत नाही.

नयनाचे या झाडांवर प्रेम आहे. सर्वांची समजूत आहे की जमीन तिला मिळणार. तिचीही आहे. गेल्या महिन्यात ती कागदावर चित्र काढून घेऊन आली. "आत्या, इथं दगडी पायवाट, इथं बाक, झाडांना गोल सिमेंटचे कट्टे. कंपनीतले सगळे रविवारी येतील. लोकांना कळायला नको का?" चित्र सुरेख होते. मी विचारले, "पाणी कुठून येईल?" ती म्हणाली, "पाइप टाकू." नयना, बाळ, हे वाचताना रडू नकोस. तुझ्या प्रेमाबद्दल शंका नाही. परंतु ज्याचे प्रेम असते त्याला काहीतरी करावेसे वाटते, आणि या जमिनीला काही केलेले सोसत नाही. तुला अजून थांबून पाहायचे आहे. त्याची सोय पुढे केली आहे.

कलम ९. माझे अंत्यविधी.

विद्युतदाहिनीत करावेत. राख तळ्यात किंवा झाडांच्या बुडाशी टाकू नये. निवराला राखेची आवश्यकता नाही. माझ्या स्मरणार्थ नवीन झाड लावू नये, पाटी लावू नये, बाक बसवू नये. तेराव्याच्या जेवणात वांग्याची भाजी करू नये. इतकी वर्षे ती मी केवळ सभ्यतेपोटी खाल्ली.

कलम १०. जमिनीची अंतिम व्यवस्था.

सदर जमीन, तीवरील दोन खोल्यांचे घर, झाडे, त्यांखालील पाणी व पाण्याचे येणे-जाणे यांसह, माझा भाऊ देवव्रत नागोजीराव साळुंके याला त्याच्या हयातीपर्यंत द्यावी. त्याच्यामागे ती नयनाची होईल. तोपर्यंत तिने रविवारी येऊन त्याच्याजवळ बसावे आणि पायवाट, बाक, कट्टा न बांधण्याचा सराव करावा.

मी हे का करते, ते लिहून ठेवते, म्हणजे कोणी माझ्या बुद्धीबद्दल शंका घेणार नाही. ज्याने एकदा हे पाणी घालवले आणि भेगा पाहिल्या, तो पुन्हा कोणाला घालवू देणार नाही. कारण ते पाणी नसते तेव्हा काय दिसते, हे आमच्या घरात मी सोडून एकट्या त्यालाच ठाऊक आहे. नंदूला जमीन दिसते, नयनाला झाडे दिसतात. पाणी कुठपर्यंत चढले, हे कोणी न सांगता दगडावर बसून पाहणारा तो एकच आहे. शिवाय ती आबांची आहे, आणि त्याच्याकडे आबांचे दुसरे काही उरलेले नाही.

शर्ती पुढीलप्रमाणे. देवव्रताने जमिनीवर भराव टाकू नये, टाकू देऊ नये. चर खणू नये. पाने लाल झाली तर घाबरू नये. पाणी जास्त वाटल्यास कॉफी करून घ्यावी आणि बसून राहावे. रोपे लावायचीच झाल्यास कलम दोन पुन्हा वाचावे. झाडाचे नाव निवर आहे. ते घराच्या दारावर आतल्या बाजूने खडूने लिहून ठेवले आहे.

रबरी बूट देवव्रताला द्यावेत. ते त्याच्या मापाचे आहेत. चर बुजवला त्या वर्षी जुने फाटले, तेव्हा दुकानात मी त्याचेच माप सांगितले होते.

म्हणून त्याची सही आज चालत नाही. हे त्याला आज सांगायचे नाही. सांगितले तर तो नको म्हणेल आणि नंदूला दे म्हणेल. त्याला रुसू द्यावे. तो त्या दगडावरच जाऊन बसेल, आणि तिथे बसलेला चांगला असतो.

हे कलम अंजलीने त्याला मोठ्याने वाचून दाखवावे, कारण तो चष्मा विसरून येतो. वाचून झाल्यावर माझ्यातर्फे त्याला एवढेच म्हणावे: देवू, तुला तर तळंच मिळालं की. आता बदकं पाळ.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, दोन ठिकाणी काना राहिला होता तो दिला, आणि साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली. साक्षीदारांनी माझ्यासमोर सह्या केल्या. दोघांनाही या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही, हे त्यांना आधीच सांगितले आहे.

(सही) वसुमती नागोजीराव साळुंके

साक्षीदार:
१. (सही) हयवदनराव, वकील, गवीपुरम, बंगळूर
२. (सही) मथुराबाई, निवृत्त अध्यापिका, के. आर. पुरम, बंगळूर

स्थळ: के. आर. पुरम, बंगळूर. पाणी दगडापर्यंत.
दिनांक: १५ नोव्हेंबर १९९८